तोंडात खडीसाखर

नमस्कार ताई,

माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या शाळेने यंदा 'ओडिसी ऑफ द माइंड' या मुलांच्या कल्पकतेच्या स्पर्धेसाठी सात मुलांची टीम केली. कोच कोण होणार असं पालकसभेत विचारलं तेव्हा, मी घरून काम करते म्हणून, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, शिकवण्याचा अनुभव शून्य. मुलांनी बाल्सा या हलक्या लाकडाची रचना करून, नाटुकल्यासह सादर करत तिच्यावर भार चढवायचा, हा प्रॉब्लेम निवडलाय. दर शनिवारी आमच्या हॉलमध्ये जमतो. दोन महिने झाले, फेरी सात आठवड्यांवर आली, आणि हाती काय? तीन मोडक्या रचना, अर्धं नाटुकलं आणि फरशीला चिकटलेला ग्लू. एक मुलगा सगळ्यांना गप्प बसवतो. माझी स्वतःची लेक बैठकीत तोंडच उघडत नाही. एका मुलाच्या बाबांचं भोसरीला वर्कशॉप आहे, ते म्हणतात, 'मॅडम, ड्रॉइंग पाठवा, दोन दिवसांत सेट करून देतो.' मला उत्तरं समोर दिसतायत, पण स्पर्धेचा नियम म्हणतो, मोठ्यांनी सांगायचं नाही. मी हे सोडून द्यावं का? की थोडं, अगदी थोडं सांगितलं तर चालेल?

— हात शिवशिवणारी आई, कोथरूड

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, चालणार नाही. चिमूटभरही नाही. आणि सोडूही नका. सात आठवडे उरलेले असताना नवा माणूस आणून बसवला, तर तो पहिले तीन आठवडे मुलांना शिस्त लावण्यातच घालवेल.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीआधीची काही वर्षं अशा टीमा घेऊन बसले. तेव्हा पुढे जे सांगतेय ते बरंचसं स्वतःच्या चुकांतून आलेलं आहे, त्यातली एक चूक तर सविस्तरच सांगणार आहे.

तीन मोडक्या रचना हे वाचून मला वाटलं, बरं चाललंय की! या प्रॉब्लेममध्ये बाल्साच्या बारीक पट्ट्या आणि ग्लू एवढ्यावर रचना उभी करायची असते. वजनाची मर्यादा साधारण १८ ग्रॅम असते (यंदाचा नेमका आकडा तुमच्या प्रॉब्लेमच्या कागदावर पाहा), म्हणजे पाच रुपयांची दोन-तीन नाणी. तिच्यावर व्यायामशाळेतल्यासारख्या लोखंडी चकत्या एकावर एक चढवत जायचं. चांगल्या टीमांच्या रचना काहीशे किलो पेलतात आणि मगच जातात. शेवटी मोडायचीच असते ती. घरी मोडली याचं वाईट वाटून घेऊ नका; ती कशी मोडली हे कुणी लिहून ठेवलं का, एवढंच विचारा. मोडक्या रचना शनिवारी केरात गेल्या असतील तर तेवढं मात्र चुकलं. पुढच्या वेळी चपलांच्या खोक्यात ठेवा. खोक्यावर मुलांच्याच अक्षरात वजन किती, भार किती, पहिला आवाज कुठून आला. चौथ्या-पाचव्या खोक्यानंतर कुणीतरी म्हणेल, 'अरे, दर वेळी खालच्या डाव्या पायापासूनच जातंय.' त्या वाक्यासाठी तुम्ही कोच झालात असं समजा. ते तुम्ही आधी म्हणालात, तर दोन महिने पाण्यात.

आता एक तक्रार. तुमच्या एवढ्या पत्रात झटपट फेरीचा, म्हणजे ऐनवेळी प्रश्न देऊन तिथल्या तिथे उत्तर मागणाऱ्या फेरीचा, एकदाही उल्लेख नाही. गुणांची वाटणी बघा: लांब पल्ल्याच्या (महिनोन्महिने तयारी करायच्या, तुमच्या बाल्सासारख्या) प्रॉब्लेमला २००, झटपट फेरीला १००, आणि सादरीकरणाच्या शैलीला ५०. साडेतीनशेतल्या शंभरांकडे कुणी बघतच नाहीये आणि सगळे मिळून अठरा ग्रॅम लाकडाच्या मागे लागलेत. हे दरवर्षी, प्रत्येक टीमचं होतं, कारण रचना डोळ्यांना दिसते आणि झटपट फेरी दिसत नाही. तुम्हाला त्या खोलीत पाऊलही टाकता येत नाही. आत काय विचारलं हे मुलांनी बाहेर येऊन सांगायचंही नसतं. (तुमच्या लेकीने ते गुपित खरंच पाळलं, तर तिच्या मागे लागू नका. मी एकदा आइस्क्रीमचं आमिष दाखवलं होतं. पोरगी बधली नाही.)

या फेरीत कधी हाताने काही करायचं असतं, कधी नुसतं बोलायचं, कधी दोन्ही. बोलायच्या प्रश्नात साध्या उत्तराला १ गुण आणि कल्पक उत्तराला ५, असा हिशोब असतो. मुलांना हे आकडे सांगा. ते सांगण्यावर बंदी नाही. आणि मग सराव मराठीत करा. स्पर्धेत इंग्रजी बोलावं लागलं तरी सराव त्या भाषेत करावा जिच्यात मुलं भांडतात. आम्ही एकदा 'मोडणारी गोष्ट सांगा' हा प्रश्न घेतला होता. पहिली फेरी: काच, पेन्सिल, खुर्ची, खेळणं. एक-एक गुण. दुसरी फेरी: पाचशेची नोट. लग्न. शाळेचा नियम. मग एकाने नुसती बोटं मोडून दाखवली, कडकड आवाज करत. एकीने विचारलं, 'मोड आलेली मटकी चालेल?' त्यावर पाच मिनिटं वाद झाला. सगळ्यात शेवटी एक अबोल मुलगा म्हणाला, 'मोडी लिपी. ती मोडूनसुद्धा लिहिलेलीच राहिली.' मी काही बोलू शकले नाही, आणि ते तोंडात खडीसाखर होती म्हणून नव्हे.

खडीसाखरेचं सांगते. बैठक सुरू झाली की मी एक मोठा खडा तोंडात ठेवायचे. चावायचा नाही, विरघळू द्यायचा. खडा असेपर्यंत बोलायचं नाही, हा माझा माझ्याशी करार. शिक्षकाचं तोंड बंद ठेवायला याहून स्वस्त उपाय मला सापडला नाही. (मधुमेह असेल तर लवंग.) तुम्ही म्हणाल, कोचने प्रश्न विचारलेले चालतात ना? चालतात. पण काही प्रश्न हे टोपी घातलेले हुकूम असतात. 'इथे तिरकी काडी लावली तर काय होईल?' यात प्रश्नचिन्ह सोडून प्रश्न काहीच नाही. 'आधी काय हललं?' हा प्रश्न. 'यातलं कुठलं नक्की माहिती आहे आणि कुठलं वाटतंय?' हाही. तुमच्या मनात उत्तर तयार असेल तर प्रश्न विचारूच नका, कारण उत्तर आवाजात उतरतंच. मुलं ते बरोबर ओळखतात, बारा वर्षं आपल्याच आवाजावर वाढलेली असतात ती.

मग करायचं तरी काय, नुसतं चहा-पोहे? पोहे कराच, भुकेली टीम फार वाईट भांडते. पण शिकवायची परवानगीही आहे. कौशल्य शिकवता येतं, उत्तर देता येत नाही. कटर कसा धरायचा, ग्लू किती पातळ ओढायचा, ०.१ ग्रॅमचा डिजिटल काटा कसा शून्यावर आणायचा, हे खुशाल शिकवा. तत्त्वही शिकवता येतं, फक्त ते त्यांच्या रचनेपासून लांब ठेवा. एका शनिवारी बाल्साला हात न लावता खराट्याच्या काड्या आणा. लांब काडी उभी धरून वरून बोटाने दाबली की लगेच कमान होते, तीच अर्धी तोडली की कितीतरी जास्त दाब घेते. लांबी निम्मी केली की वाकायला लागणारा भार चौपट होतो. मोजायची असेल तर काडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दाबून आकडा वाचता येतो, फक्त मोडायच्या आत वाचा. दुसरं म्हणजे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी ही जोडी सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना बसवली आणि पुढे आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करताना असली कितीतरी खेळणी पोरांच्या हाती दिली. चार काड्यांचा चौकोन करा, तो लुळा पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. एवढं करून थांबा. 'मग आपल्या रचनेत काय करूया?' हे तुम्ही विचारायचं नाही. खडा तोंडात.

बाल्साबद्दल एक पुणेरी सूचना, ही तुमच्या कामाची आहे. हे लाकूड दमट हवेत पाणी ओढतं. श्रावणात १७.८ भरलेली रचना कोरड्या दिवशी हलकी भरेल, आणि उलटंही. डब्यात हवा जाणार नाही असं झाकण आणि सिलिका जेलच्या पुड्या (नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्या) ठेवल्या तर आकडा फार पळत नाही. पण हेही सांगू नका. एकच रचना दोन वेगळ्या दिवशी तोलायला लावा आणि कुणाच्या लक्षात येतं ते बघा.

आता माझी चूक.

फेरीच्या आदल्या रात्री रचनेचा डबा माझ्या घरी होता. साडेअकराच्या सुमारास तो मी सहज उघडला. सहज कसला, मुद्दामच. एका कोपऱ्यातला सांधा मला उघडा वाटला. मुलं दमून गेली होती, सकाळी धावपळ होणार होती, आणि एक थेंब ग्लू म्हणजे काही कल्पना नव्हे, अशी स्वतःची समजूत घालून मी तो थेंब लावला. झोप छान लागली. सकाळी वजनाच्या टेबलावर काटा म्हणाला १८.२. संध्याकाळी मुलांनी १७.९ लिहून ठेवलं होतं. सात चेहरे पांढरे पडले. त्यातल्या एकीने रचना उजेडाकडे धरून हळूहळू फिरवली, एका कोपऱ्याशी थांबली आणि म्हणाली, 'हा थेंब आपला नाही. आपण सगळे पातळ लावतो.'

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते! कुणी रागावलं नाही, ते जास्त लागलं. त्यांनी बारीक पॉलिश पेपर काढला, दोन जणींनी घासलं, एक जण दर मिनिटाला तोलत राहिला, आणि १८.० ला थांबले. मग बाहेरच्या मदतीचा फॉर्म भरायची वेळ आली. टीमला बाहेरून कुणाची मदत झाली का, हे त्यात लिहून द्यायचं असतं आणि मुलांसोबत कोचचीही सही लागते. टीमने आपणहून त्यात लिहिलं की बाईंनी रात्री एक थेंब ग्लू लावला. त्याचे गुण कापले गेले. मी सही केली. त्या वाक्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र काढल्या नाहीत.

या नियमाचा मला पूर्वी राग यायचा. १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या ग्लासबोरो स्टेट कॉलेजात सॅम मिक्लस नावाच्या प्राध्यापकांनी ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा ते आपल्या औद्योगिक डिझाइनच्या विद्यार्थ्यांना चाकाशिवायची वाहनं आणि तळ्यापार नेणाऱ्या तराफ्यांसारखी काहीतरी अचाट कामं द्यायचे. पहिल्या वर्षी २८ शाळा आल्या. त्या सुरुवातीच्या काळातल्या एका टीमने पाण्यावरच्या किड्यासारखं चालणारं काहीतरी केलं. त्याचं नाव त्यांनी 'रानात्रा फुस्का' ठेवलं, पाण्यात राहणाऱ्या एका काडीसारख्या किड्याचं हे शास्त्रीय नाव. ते फार लांब गेलं नाही, पण परीक्षकांना त्यातलं धाडस आवडलं, आणि त्याच नावाचं पारितोषिक आजही दिलं जातं. आपल्याकडे पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ मध्ये तोडीचं नाटक दिसेना म्हणून करंडकच कुणाला दिला नाही आणि गावभर वाद झाला. इथे उलटं, न जमलेल्या गोष्टीच्या नावाने पारितोषिक. मी या दोन्हींच्या बाजूने आहे, घरचे म्हणतात ते जमत नाही. पण ज्या टीमच्या पाठीशी मोठ्या माणसाचा हात आहे, तिचं धाडस कसं मोजणार? मला नियम तेव्हा पटला, थेंब लावून झाल्यावर.

१९९९ मध्ये याच घराण्यातून 'डेस्टिनेशन इमॅजिनेशन' ही दुसरी स्पर्धा निघाली. तिथे मोठ्यांच्या असल्या मदतीसाठी 'इंटरफिअरन्स' हा जो इंग्रजी शब्द वापरतात, त्याचं सरळ मराठी लुडबुड. एका शब्दात सगळं आलं.

गप्प बसवणाऱ्या मुलाबद्दल. त्याला बाजूला घेऊन समजावू नका, तो समजूतदारपणे मान हलवेल आणि पुढच्या शनिवारी तेच करेल. असली मुलं बहुतेक वेळा वाईट नसतात. ती घाईत असतात, आणि बाकीच्यांचं गप्प राहणं त्यांना होकार वाटतं. चिठ्ठ्या करा. प्रश्न ठरला की पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने नाव न लिहिता निदान तीन कल्पना लिहायच्या, एक मूर्खपणाची असलीच पाहिजे. मग सगळ्या एका पातेल्यात आणि ज्याचा आवाज सर्वांत लहान तो वाचणार. बघा, त्या मुलाच्याही चिठ्ठ्या त्यात असतील आणि त्याही बाकीच्यांइतक्याच साध्या वाटतील. त्याच्यासाठी ती बातमी असेल. हे भांडण मिटवणं नाही, बैठक कशी चालवायची हे दाखवणं आहे, आणि ते कोचला करता येतं.

तुमच्या लेकीचं जरा अवघड आहे, आणि खरं सांगायचं तर पत्रात तुम्हाला तेच विचारायचं होतं असं मला वाटतं, बाल्सा हे निमित्त. ती बोलत नाही कारण तिला काही सुचत नाही असं नसणार. ती काहीही बोलली तरी बाकीचे आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. आवडलं तर 'आईने सांगितलं', नाही आवडलं तर आईसमोर पडली. यातून तिने सुटका शोधलीय, गप्प बसायची. या शनिवारी पहिला अर्धा तास तुम्ही स्वयंपाकघरात बसा. दार उघडं, कारण कटर आहेत, पण तुमची पाठ हॉलकडे. कान द्या. ती बोलली तर तुम्हाला कळेल, आणि ती बोलली हे तुम्हाला कळलंय हे तिला कळू देऊ नका.

दुसरं, घरी स्पर्धेचं बोलणं बंद. आमच्याकडे स्कूटरचा नियम होता: रस्त्यात बोलायचं ते बोलायचं, स्टँड लागला की विषय संपला. रात्री झोपताना ती कुजबुजत तुम्हाला काही सांगते आणि शनिवारी तुम्ही त्याच दिशेला प्रश्न टाकता, असं होत असेल तर ती तुमची नकळत लुडबुड आहे. तिच्या कल्पनेचं बारसं मग तुमच्या नावाने होतं. आणि एकदा सरळ विचारा, मी कोच असलेलं तुला आवडतंय का? नाही म्हणाली तर रागावू नका, समजूतही घालू नका. अशा वेळी दुसऱ्या एका पालकाला जोडीला घ्या आणि लेक ज्या कामात असेल तिथे त्यांना बसवा, तुम्ही नाटुकल्याकडे. आपली आई वर्गशिक्षिका असलेल्या मुलांना विचारा हे काय असतं. माझ्या मुलाने पाचवीचं अख्खं वर्ष मला 'बाई' म्हणून हाक मारली, घरीसुद्धा. मला गंमत वाटायची. त्याला नव्हती वाटत, हे त्याने तिशीत सांगितलं.

भोसरीच्या बाबांना दुखवू नका, त्यांच्याकडे देण्यासारखं खूप आहे. त्यांना एका शनिवारी बोलवा, पण रिकाम्या हातांनी. करवत कशी ओढायची, ड्रिल कसं धरायचं, मोजमाप दोनदा का घ्यायचं, हे ते टाकाऊ फळीवर मुलांना दाखवतील. फळी त्यांची, सेट मुलांचा. ड्रॉइंग पाठवायचं नाही. मुलांनी केलेला सेट थोडा वाकडा होईल. वाकडा सेट आठ मिनिटं उभा राहिला की पुरे, तेवढाच वेळ असतो सगळ्या सादरीकरणाला, चकत्या चढवण्यासकट. ग्रुपवरच्या आयांना 'तयारी कुठवर'चं उत्तर म्हणून दर शनिवारी एका मोडक्या रचनेचा फोटो टाका. चौकशी आपोआप कमी होते.

आणि सेटचं सामान नवं घ्यायला धावू नका. खर्चाला मर्यादा असते आणि त्याचा हिशोब टीमलाच द्यावा लागतो. वापरलेल्या वस्तूची किंमत जुन्या मालाच्या भावाने धरतात. अप्पा बळवंत चौकात चार चकचकीत चार्टपेपर घेण्यापेक्षा या रविवारी मुलांना जुन्या बाजारात न्या. बुधवारीही भरतो, पण बुधवारी शाळा. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की पोरं कुरकुरतात. पैसे मुलांच्या हातात द्या, यादी त्यांची, घासाघीसही त्यांनाच करू द्या. सायकलच्या रिमला कुणी दीडशे सांगितले आणि तुमचे हात शिवशिवले, तर रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहा. खडीसाखर पर्समध्ये असू द्या.